चामड्याची चकती

नौपाड्यात आमच्या बिऱ्हाडी नळ आला, त्या दिवशी बाबांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील, मी आठ वर्षांची. मोरीतली ती पितळी तोटी मी दिवसभर उघडत-बंद करत होते... धपाटा बसेपर्यंत.

सगळ्यात जास्त आनंद आईला झाला होता. आमची आत्या, म्हणजे बाबांची मोठी विधवा बहीण, सोवळ्यात स्वयंपाक करायची आणि त्यासाठी आई रोज पहाटे ओलेत्याने मागच्या विहिरीचं पाणी शेंदायची. तेव्हा आईला सातवा महिना होता, आणि आधीचं बाळ सातव्यातच गेलेलं.

पण नळ बसवणाऱ्या मिस्त्रींनी जाता जाता घोटाळा केला. आत अस्सल चामड्याच्या चकतीचं वायसर टाकलंय, दहा वर्षं बघायला नको, असं ते मोठ्या अभिमानाने आत्यालाच सांगून गेले. चामड्यावरून आलेलं पाणी सोवळ्याला कसं चालणार... दुसऱ्या दिवशी आई पुन्हा विहिरीवर.

बाबा ऑफिसात हेडक्लार्क, पण आत्यासमोर चिडीचूप. त्यांनी मिस्त्रींना रबराचं वायसर घालायला सांगितलं, तर मिस्त्री म्हणाले, रबर टिकत नाही, असली कामं मी करत नाही. मग शेजारच्या काकूंनी यमुनाबाईंचं नाव सुचवलं.

यमुनाबाईंचे यजमान नळजोडणी करायचे. बारा वर्षं पाइपचं दुसरं टोक धरून धरून बाईंना सगळं काम येत होतं. यजमान शिडीवरून पडून अंथरुणाला खिळले, तशी त्यांनी हत्यारांची पिशवी सरळ आपल्या खांद्यावर घेतली.

बाई पाना घेऊन येतेय म्हटल्यावर लोक बघायला जमायचे. आमच्याही ओट्यावर जमले... समोरचे आजोबा तर खुर्ची घेऊन आले होते.

बाईंनी कुणाकडे पाहिलंसुद्धा नाही. काष्टा घट्ट केला. पाणी यायला अवकाश होता, म्हणून आधी गल्लीतला, आमच्यासकट सगळ्यांच्या नळांना पाणी सोडणारा जुना कॉक खोलला, कारण तो नीट बंद होत नव्हता. त्यातली झिजलेली चामड्याची चकती काढली, नवी चामड्याचीच घातली आणि जुनी मला खेळायला दिली.

मग मोरीत बसून त्यांनी मोटारीच्या जुन्या ट्यूबमधून चकती कापली. पाणी आलं तशी पहिली गळली. दुसरीही गळली. ओट्यावर खसखस पिकली. तिसरी त्यांनी दुहेरी केली, कडा दगडावर घासल्या... आणि तोटी कोरडी ठणठणीत. आजोबा खुर्ची उचलून निघून गेले.

आत्या दारात उभी राहून सगळं बघत होती. तिने बाईंचं आडनाव आधीच विचारून घेतलं होतं, आता उरलेलं रबरही निरखून पाहिलं. मग शांतपणे विचारलं,

"इथलं झालं. बाहेर गल्लीत कुठे चामडं नाही ना?"

यमुनाबाई पाना पुसत होत्या. त्यांनी भिंतीला टेकून उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. तिच्या पोटाकडे पाहिलं.

"नाही, आत्याबाई. कुठेच नाही."

मी चकती मुठीत घट्ट धरली. खोटं बोलल्यावर काय होतं ते मला आत्यानेच शिकवलं होतं... तरी मी मूठ उघडली नाही.

दुसऱ्या दिवसापासून सोवळ्याची कळशी नळाखाली लागली. आई पहाटे झोपून राहायला लागली. दोन महिन्यांनी मला भाऊ झाला, रडून घर डोक्यावर घेणारा.

हळूहळू गल्लीतल्या बायका यमुनाबाईंनाच बोलवायला लागल्या. पुरुषमाणसं ऑफिसला गेल्यावर परका मिस्त्री घरात घेण्यापेक्षा बाई बरी, असं त्या म्हणायच्या. समोरच्या आजोबांकडेही त्याच जायच्या.

पुढे माझ्या लग्नाच्या तयारीत पापड लाटताना मी आत्याला सगळं कबूल केलं. इतकी वर्षं आम्ही तिला फसवलं, आता ती काय म्हणेल, अशी धाकधूक होती. तिचं लाटणं थांबलंसुद्धा नाही.

"अगं, तुझ्या मुठीतून ती कॉकमधली झिजलेली चकती बाहेर डोकावत होती. मला काय दिसत नव्हती?"

मग तरी विचारलंस का, मी म्हटलं.

"कुणीतरी 'चामडं नाही' म्हणायला हवं होतं गं. माझं मला कसं म्हणता येणार?"

माझा धाकटा भाऊ परवा सत्तरीचा झाला. वाढदिवसाला सगळ्यांनी आईची आठवण काढली, आत्याची काढली. यमुनाबाईंची मी मनातल्या मनात काढली... आज इथे उघड काढते.

बाई, तेव्हा तुम्हाला नीट नमस्कारही केला नव्हता. आज करते.