मास्तरांच्या खिडकीपुढचा टेम्पो

मास्तरांच्या खिडकीपुढे तो टेम्पो चार वर्षं उभा होता. उभा होता म्हणणंही त्याची बाजू घेतल्यासारखं आहे. मागचं डावं चाक पार बसलं होतं, त्यामुळे खरं म्हणजे तो टेकला होता. बंद बॉडीचा, कधीकाळचा नारिंगी. आता नारिंगी रंग, गंज आणि पक्ष्यांची विष्ठा यांनी तो आपापसात वाटून घेतला होता. टपावर फाटकी ताडपत्री, ताडपत्रीवर चार विटा, आणि खाली गवत इतकं माजलेलं की गल्लीतल्या मांजरीने तिथे दोन बाळंतपणं उरकली. काचेवरच्या धुळीत कुणीतरी बोटाने 'धुवा' असं लिहिलं होतं. त्या 'धुवा'वरही आता धूळ बसली होती.

टेम्पो शेजारच्या सुताराचा. पूर्वी तो त्यातून कपाटं पोचवायचा. मग लोक दुकानातून तयार कपाटं घ्यायला लागले, आणि त्याच सुमारास टेम्पोचं इंजिनही बसलं. तेव्हापासून सुताराचं एकच पालुपद होतं: "हलवतो मास्तर, या आठवड्यात नक्की." हे तो इतक्या मनापासून म्हणायचा की ऐकणाऱ्यालाच ओशाळल्यासारखं व्हायचं. माणूस वाईट नव्हता, तीच तर पंचाईत होती. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. मास्तरांनी एकदा नगरपालिकेला अर्ज लिहायला घेतला होता, सुवाच्य अक्षरात, पण अर्ध्यावर त्यांच्या लक्षात आलं की ज्या टेबलावर आपण हा अर्ज लिहितोय ते टेबल सुतारानेच करून दिलेलं आहे, आणि तेही नको नको म्हणत असताना. अर्ज तिथेच राहिला.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते रफू करायचे. कोटाला सिगारेटने पडलेलं भोक, शालीला लागलेली कसर, खिळ्याला अडकून फाटलेली पँट, असलं सगळं त्यांच्याकडे यायचं. उभे धागे आधी भरायचे, मग त्यांतून आडवे काढायचे, एक वर, एक खाली, मूळ विणीला लाज वाटणार नाही असं. काम झाल्यावर गिऱ्हाइकाने कापड उलटंपालटं करून विचारावं, "भोक कुठे होतं?" आणि मास्तरांनी चष्मा पुसत म्हणावं, "आता मलाही आठवत नाही." बस, एवढंच त्यांचं सुख. चाळीस वर्षं माणूस असं काम करत होता की जे चांगलं झालं तर कुणाला दिसू नये. दिसलं तर चुकलं.

त्यांचे काही कायदे होते. काम सकाळी दहा ते चार, खिडकीच्या उजेडात. दिव्याखाली सुई धरायची नाही, कारण दिव्याखाली काळा आणि गडद निळा सख्ख्या भावांसारखे दिसतात. आणि सगळ्यांत मोठा कायदा हा की धागा त्यांनीच निवडायचा, बाईने नव्हे. बाई म्हणजे त्यांची बायको. अलीकडे सकाळी दहा सुया ओवून उशीत टोचून ठेवण्याचं काम तिच्याकडे आलं होतं. पण कुठल्या रिळाचा धागा, हे बोट ठेवून मास्तर सांगणार. त्यात तिने मत दिलेलं चालायचं नाही. एकदा दिलं होतं, तेव्हा मास्तर दोन दिवस घुम्यासारखे वागले होते.

तर झालं असं की एका वकिलाचा काळा कोट आला. वरच्या खिशापाशी कसरीने मटाराएवढं भोक पाडलेलं. एरवी अशा वेळी मास्तर कापडाच्या आतल्या शिवणीत दुमडलेली माया, म्हणजे जादा कापड, उसवून तिच्यातलेच धागे काढायचे, म्हणजे रंगाचा प्रश्नच उरत नाही. पण वकील मधल्या काळात अंगाने सुटले होते, कोट दोनदा मोकळा करून झाला होता, आणि माया नावाला शिल्लक नव्हती. मास्तरांनी रिळातून धागा निवडला, दीड दिवस बसून भोक बुजवलं, आणि कोट देऊन टाकला.

चौथ्या दिवशी वकील कोट घेऊन परत आले. आवाज न चढवता म्हणाले, "मास्तर, जरा बाहेर या." पायरीवर चांगलं ऊन होतं. वकिलांनी कोट उन्हात धरला. "इथे निळं दिसतंय. काल भर कोर्टात समोरच्या वकिलाने विचारलं, की शाई सांडली का म्हणून."

मास्तरांनी वाकून पाहिलं. चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं. त्यांना काळ्यावर काळंच दिसत होतं. पण वकील उगाच पायरी चढणारा माणूस नव्हता. आणि दारात उभी राहिलेली बाई कोटाकडे एकदाच बघून आत निघून गेली होती.

"ठेवून जा," मास्तर म्हणाले. "परत करून देतो."

संध्याकाळपर्यंत त्यांना कारण सापडलं. कारण खिडकीबाहेर चार वर्षं टेकून होतं. दुपारचं ऊन टेम्पोच्या नारिंगी अंगावर पडतं, तिथून उसळून खिडकीतून आत येतं, आणि टेबलावरचा सगळा उजेड बाटतो. नारिंगी उजेडात निळा धागा काळाच दिसणार. साधी गोष्ट आहे. मास्तरांना इतकं हायसं वाटलं की ते जेवताना दोनदा हसले.

"डोळे दाखवून या एकदा," बाई म्हणाली.

"डोळ्यांना काय धाड भरलीय?"

 बाईला ठाऊक होतं की हा माणूस डॉक्टरला घाबरत नाही, त्याला भीती खुर्चीची आहे. मास्तर ज्यांच्या हाताखाली शिकले त्या म्हाताऱ्यांची नजर साठीनंतर गेली होती. शेवटची सहा वर्षं ते दुकानाच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचे. गिऱ्हाइकं त्यांची विचारपूस करायची, त्यांच्या हातात कापड द्यायची, ते बोटांनी वीण चाचपून म्हणायचे, "चांगला माल आहे." मग गिऱ्हाइकं तेच कापड घेऊन दुसऱ्या दुकानात जायची. मास्तरांनी ते सगळं तरुण वयात जवळून पाहिलं होतं. त्यांना मरणाची नव्हती एवढी त्या खुर्चीची धास्ती होती.

दुसऱ्या दिवशी मास्तर एक पांढरा रुमाल घेऊन सुताराकडे गेले. सुतार एका स्टुलाचा पाय तासत होता.

"सुतारभाऊ, हा रुमाल कसा आहे?"

"पांढरा."

"माझ्या खिडकीत या आणि मग सांगा."

सुतार निमूटपणे आला. खिडकीत रुमाल धरून त्याने बराच वेळ पाहिला. "थोडा नारिंगी वाटतोय खरा," तो म्हणाला. हे तो मनापासून म्हणाला की शेजारधर्म म्हणून, सांगता येत नाही. पण कोटाची हकीगत ऐकली तेव्हा त्याचा चेहरा पडला. आपल्या गाडीने कुणाच्या हातच्या कामाला बट्टा लागला, हे कारागीर माणसाला लागतं. "हलवतो मास्तर, या आठवड्यात," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याला स्वतःला ते ऐकवेना. तोवर काय करायचं, तर त्याने घरातली पांढरी चादर आणून टेम्पोच्या खिडकीकडच्या अंगावर खिळे मारून ताणून बसवली. टेम्पो आता मलमपट्टी केल्यासारखा दिसायला लागला. गल्लीतल्या लोकांना वाटलं, विकायला काढला.

मास्तरांनी दोन दिवस पाहिलं आणि निरोप पाठवला की चादर पिवळट आहे.

सुताराने चादर काढून धुवून पुन्हा लावली. मास्तर म्हणाले, अजून पिवळी. तेव्हा बाईने ती स्वतः नेली, नीळ घालून धुतली, कडक वाळवली. बगळ्याने लाजावं इतकी पांढरी झाली. मास्तर खिडकीतून बघत म्हणाले, "तुमच्या दोघांच्या हाताला गुण नाही. पिवळी ती पिवळीच."

सुताराने बाईकडे पाहिलं. बाई चिमटे गोळा करत होती. 

आणि मग सुताराने चार वर्षांत केलं नव्हतं ते केलं. रविवारी सकाळी तो चार माणसं घेऊन आला. चाकात हवा भरली, ती टिकेना, तेव्हा कुठूनतरी दुसरं चाक आणून चढवलं. गवत कापलं. मांजरीला पिलांसकट खोक्यात घालून आपल्या पडवीत नेलं. मग पाच जणांनी खांदा लावला, आणि टेम्पो कुरकुरत, कण्हत, गल्लीच्या टोकाला पडक्या कुंपणापाशी जाऊन उभा राहिला. गल्लीतले लोक बघायला जमले होते. "मास्तरांनी हलवून दाखवला शेवटी," कुणी म्हणालं. मास्तरांनी मान डोलवून ते मानून घेतलं आणि आत गेले.

खोलीत उजेड मावत नव्हता. टेबलावरचे ओरखडे दिसत होते, कोपऱ्यातली जळमटं दिसत होती. मास्तरांनी वकिलांचा कोट पसरला. चिमट्याने जुनं काम उसवलं, भोक पुन्हा उघडं केलं. मग रिळांचा डबा ओढून दोन रिळं काढली आणि खिडकीत धरली. डाव्या हातात एक, उजव्या हातात एक. हात लांब करून पाहिलं, जवळ आणून पाहिलं, हातांची अदलाबदल करून पाहिलं. मग उठून पायरीवर गेले आणि उन्हात उभं राहून पाहिलं. मध्ये टेम्पो नव्हता, चादर नव्हती, काहीच नव्हतं.

सुतार हात धुऊन, अंगावरचा गंज झटकत समोर आला. "काय मास्तर, आला का उजेड?"

मास्तरांनी दोन्ही रिळं त्याच्यापुढे केली. "यातलं काळं कुठलं?"

चाळीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला नव्हता. बाईला विचारणं शक्यच नव्हतं. तिचा चेहरा त्यांना बघवला नसता. विचारता येईल असा या गल्लीत एकच माणूस होता, आणि तो हाच, ज्याला त्यांनी चार वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या.

सुताराने रिळांकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. "उजव्या हातातलं," तो हळूच म्हणाला. "डावं निळं आहे. चांगलंच निळं आहे."

"बरं," मास्तर म्हणाले. रिळं खिशात टाकून ते पायरीवर बसले. सुतारही शेजारी बसला.  मग मास्तर म्हणाले, "सुतारभाऊ, टेम्पो परत आणून लावा."

"कशाला?"

"लोकांना काय सांगू मी? काल म्हणत होतो टेम्पोमुळे. आज टेम्पो नाही." त्यांनी खिशातली रिळं चाचपली. "मला भीती वाटते हो. घरात बोलता येत नाही."

सुतार नखातला गंज काढत राहिला. "मोतीबिंदू असणार," तो म्हणाला. "माझ्या आईचा काढला. आता लांबून मला ओळखते आणि लांबूनच बोलायला लागते. उद्या सकाळी जा डॉक्टरकडे. वहिनींना घेऊन जा, लपवू नका. त्यांना केव्हाचं कळलंय."

"केव्हाचं?"

"नीळ घातली तेव्हाचं तर नक्कीच."

मास्तरांनी मान हलवली. "पण गाडी लावा," ते म्हणाले.

सोमवारी सकाळी मास्तर आणि बाई डॉक्टरकडे गेले, आणि इकडे पाच जणांनी टेम्पो पुन्हा ढकलत आणला. ढकलणाऱ्यांनी सुताराला नाही नाही ते ऐकवलं. गल्लीने तोंडसुख घेतलं: एक दिवस माणसासारखं वागला, दुसऱ्या दिवशी मूळ स्वभावावर गेला.  सुताराने चाक नेमकं पूर्वीच्या जागी आलं का ते वाकून पाहिलं आणि मागे एक वीट लावली.

अकराच्या सुमाराला वकील कोटाची चौकशी करायला आले. दाराला कुलूप, खिडकी लावलेली. त्यांनी सुताराला विचारलं, "मास्तरांनी काम बंद केलं की काय? वय झालं म्हणा."

"वय कसलं," सुतार म्हणाला. "हात अजून तसाच आहे त्यांचा. ही माझी गाडी मध्ये आहे ना, त्यामुळे उजेडच येत नाही त्यांना. माझ्यामुळे अडलंय सगळं."

वकिलांनी टेम्पोकडे पाहिलं, मग सुताराकडे. "लाज वाटायला पाहिजे तुम्हाला," ते म्हणाले. "असल्या कारागिराच्या पोटावर पाय देताय."

"चुकलं खरं," सुतार म्हणाला. "महिनाभराने या. काढतो तोपर्यंत."