कांद्याच्या मुळातली पेशी

गोंदियाच्या बाजारात तो कांदे विकायचा. प्रत्येक कांदा तळहातावर फिरवून, अंगठ्याने चाचपून मगच पिशवीत टाकायचा. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. प्रयोगासाठी त्याच्याकडून कांदे घ्यायचे.

“मॅडम, इतके बारके कांदे कायले नेता?” त्याने एकदा विचारलं.

“मुळं फुटली की ती फवारणीच्या औषधात ठेवतो. पेशींचं काय होतं ते बघतो.”

त्याचा हात थांबला. पावसाळ्यात तो लोकांच्या धानावर फवारणी करायचा आणि औषध उघड्या हातानेच ढवळायचा. “मले दाखवान का?”

दुसऱ्या दिवशी तो खरंच प्रयोगशाळेत आला, चपला दाराबाहेर काढून. सूक्ष्मदर्शकावर वाकून त्याने आधी साध्या पाण्यातल्या मुळाची पेशी बघितली, मग औषधातल्या मुळाची. पहिलीत गुणसूत्रं दोन्हीकडे सारखी वाटली गेली होती. दुसरीत त्यांचे तुकडे मध्येच अडकले होते.

“हे परत नीट व्हते का?”

“ही पेशी नाही होत.”

“मानसाच्या आंगातबी असंच?”

“कांद्यावरून तेवढं ठरवता येत नाही. पण उघडे हात घालू नका.”

त्याने स्वतःचे तळहात उलटसुलट करून बघितले. मग म्हणाला, “आमी तं याले औषधच म्हनतो, मॅडम. याच हातानं घरी पोरीले उचलतो.”

नळ कुठे आहे ते विचारून त्याने कोपरापर्यंत साबण लावला आणि कितीतरी वेळ हात धुतले. फवारणीचा हंगाम संपून तेव्हा महिने झाले होते.

ती स्लाइड मी दरवर्षी मुलांना दाखवते. मुलं आकृती काढतात, भागांना नावं देतात. बघून हात धुवायला उठलेला तो एकटाच.