घाटात दमणारी जीप

कुणी समोर बसून "बाई, लई दुखतंय" म्हणालं, की आमच्या डॉक्टरीणबाई हातातली पेन्सिल कानामागे खोचायच्या, स्टूल पुढे ओढायच्या आणि म्हणायच्या, "काय होतंय ते मागाहून सांगा. कधी होतं, ते आधी सांगा."

मी त्यांच्या जीपचा ड्रायव्हर. सत्तरनंतरची ती दुष्काळी वर्षं. करंजी घाटाच्या पायथ्याशी एका संस्थेचा छोटा दवाखाना होता, तिथे बाई एकट्या डॉक्टर. पंचेचाळिशीच्या, ठेंगण्या, आवाज मात्र खणखणीत. लहानथोर सगळ्यांना "अहो-जाहो" करायच्या. पोराला इंजेक्शन देतानासुद्धा "तुम्ही जरा तिकडे बघा हं" म्हणायच्या, आणि ते पोर एवढा मान मिळाल्यानं गांगरून रडायचं विसरायचं.

एकदा एक म्हातारा पोट धरून आला. आधी दोन डॉक्टर करून झाले होते. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. म्हातारा बराच वेळ आठवत राहिला आणि म्हणाला, सून माहेरी गेली की दुखतं. आम्ही सगळे हसलो. बाई हसल्या नाहीत. सून नसली की रांधतं कोण, हे त्यांनी विचारलं. म्हातारा स्वतःच रांधत होता, म्हणजे सकाळी कच्च्यापक्क्या भाकरी थापून त्याच दोन दिवस खात होता. बाईंनी औषध थोडं दिलं आणि भाकरी कशी शेकायची ते खूप वेळ समजावलं.

आता त्या जीपविषयी सांगतो. नगरला लष्कराच्या जुन्या गाड्यांचा लिलाव झाला, त्यात संस्थेनं ती घेतली. घ्याच म्हणून आग्रह बाईंचा. घाटावरच्या माळाला दुष्काळी कामं निघाली होती. शेकडो बाया उन्हात खडी फोडत होत्या, त्यात गरोदर होत्या, लेकुरवाळ्या होत्या. त्यांना दवाखान्यात खाली येणं जमणार नाही, तर आपण वर जाऊ, असं बाईंचं म्हणणं.

जीप दिसायला झकास होती. सपाटीला पळायची, मी एकटा असलो तर घाटही चढायची. पण बाई, सिस्टर आणि औषधांच्या पेट्या घेऊन निघालो, की घाटातल्या दुसऱ्या वळणावर तिचा जीव जायचा. पाय तळापर्यंत दाबला तरी ओढ नाही. मागून काळा धूर. मग सिस्टर आणि बाई उतरून चालायच्या आणि मी जीप कशीबशी वर न्यायचो. पुढेपुढे तेही जमेना, अर्ध्यातून परत फिरावं लागायचं. गावात लोक म्हणायला लागले, "बाईंच्या गाडीला दमा हाय."

नगरच्या एका मिस्त्रीकडे मी ती कितीदा नेली. त्यानं प्लग बदलले, कार्बुरेटर उघडून धुतला, हवेची जाळी साफ केली. गॅरेजात इंजिन असं गोड चालायचं की मीच खोटा पडल्यासारखं व्हायचं. शेवटी तो म्हणाला, इंजिन खोलावं लागेल. ते ऐकून संस्थेचे अध्यक्ष वैतागले. असली गाडी पोसण्यापेक्षा विकून टाकू आणि बाईंनी खाली बसूनच पेशंट तपासावेत, असं त्यांनी ठरवत आणलं. गिऱ्हाईकही बघून ठेवलं.

त्या दिवशी दुपारी पेशंट संपल्यावर बाईंनी मला बोलावलं आणि समोरच्या स्टुलावर बसवलं. मला वाटलं, आता नाडीच बघतात.

"कधी होतं, ते सांगा," त्या म्हणाल्या.

मी सांगत गेलो. गाडी मोकळी असली तर होत नाही. सपाटीला होत नाही. उभ्या गाडीत तर कधीच नाही. भरलेली गाडी, उभा चढ आणि पाय पूर्ण दाबलेला, असं तिन्ही जुळलं की होतं. पाय थोडा सोडला की जरा सुधारतं.

बाई म्हणाल्या, "म्हणजे जोर लागतो तेव्हा इंजिनालाही जास्त हवा लागते, आणि तेव्हाच ती कमी पडते. पण तेव्हा बॉनेट बंद असतं आणि आपण आत असतो. होतंय तेव्हा बघितलंच नाही कुणी."

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटाखाली त्यांनी मला बॉनेट काढायला लावलं. मी पुढच्या मडगार्डवर बसून बघते, म्हणाल्या. मी साफ नकार दिला. बाईमाणूस, वळणाचा रस्ता, समोर फिरता पंखा. सिस्टर तर रडकुंडीला आली. बाईंनी शांतपणे पदर कमरेला घट्ट खोचला, वरून पांढरा कोट घालून गळ्यापर्यंत बटणं लावली आणि माझ्याकडे दोर मागितला. शेवटी मी कासऱ्यानं त्यांना काचेच्या चौकटीला बांधलं. "सैल बांधू नका, मला उडायचं नाहीये," एवढंच त्या बोलल्या.

तुम्ही डोळ्यांपुढे आणा. बॉनेट नसलेली जीप, मडगार्डवर कासऱ्यानं बांधलेली डॉक्टरीण, मागे पेट्यांत देवाचं नाव घेत बसलेली सिस्टर. समोरून एसटी आली, तिच्या सगळ्या खिडक्यांतून माणसं बाहेर झुकली. एका बैलगाडीवाल्यानं बैल थांबवून मला विचारलं, "बाईस्नी बांधून कुठं चालवलंय?" मी मान वर केली नाही.

दुसऱ्या वळणावर जीप अडखळली. मी पाय सोडणार, तेवढ्यात बाई ओरडल्या, "सोडू नका, दाबून ठेवा." त्या वाकल्या. तशाच क्षणभर बघत राहिल्या आणि मग मोठ्यानं हसायला लागल्या.

गाडी थांबवून, दगड लावून मी खाली उतरलो. हवा गाळणाऱ्या डब्यापासून कार्बुरेटरपर्यंत जाणारी रबरी नळी त्यांनी बोटानं दाखवली. "तान्हं बाळ दूध ओढताना गाल कसे आत जातात, तशी ही आत जाते. पाय सोडला की पुन्हा फुगते."

मी नळी दाबून पाहिली. तेलानं आणि उष्णतेनं रबर पार मऊ पडलं होतं. बाहेरून मात्र धडधाकट. इंजिन जोरात हवा ओढायला लागलं, की नळी चपटी होऊन तीच वाट बंद करत होती.

तोवर मघाचा बैलगाडीवाला मागून येऊन पोचला होता. सगळं ऐकून त्यानं आपल्या बैलगाडीतली जाड तार काढली, चाबकाच्या काठीवर गुंडाळून तिचं वेटोळं केलं आणि आम्ही ते नळीच्या आत नीट बसवलं. मागे ठेवलेलं बॉनेट चढवलं. बाई पुढच्या सीटवर बसल्या. मी पाय दाबला आणि जीप सरळ वर गेली. कुणालाही उतरावं लागलं नाही. वर पोचेपर्यंत आम्ही तिघंही बोललो नाही. बोललो तर गाडीला दृष्ट लागेल, असं वाटत होतं.

माळावर बाया खडी टाकून धावत आल्या. त्यांत एक दिवस भरत आलेली होती, पाय आणि तोंड सुजलेलं. बाईंनी तिचं ब्लडप्रेशर पाहिलं आणि तिला तिथूनच जीपमध्ये घातलं. तिचं बाळंतपण आमच्याकडेच झालं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. अध्यक्ष गिऱ्हाइकाला घेऊन आले, तेव्हा ती बाळंतीण ओसरीत लेकीला मांडीवर घेऊन ऊन खात बसली होती. बाईंनी तिला कुठून आणलं ते सांगितलं. अध्यक्ष गिऱ्हाइकाला चहा पाजून परत घेऊन गेले.

नगरच्या मिस्त्रीला मी जरा तावातच हे सांगायला गेलो होतो. बाई सोबत होत्या. त्यांनी मला बोलू दिलं नाही. त्याला म्हणाल्या, "तुमची चूक नाही. तुमच्याकडे गाडी उभी असते." तो खूश झाला आणि नवी नळी त्यानं स्वतः बसवून दिली.

पुढे काही वर्षं आम्ही तो घाट चढत-उतरत राहिलो. पाऊसपाणी बरं झालं, कामं बंद पडली, बाया आपापल्या शेतात परतल्या. बाईंच्या भावाची तब्येत बिघडली म्हणून त्या त्याच्याकडे राहायला गेल्या, त्या कायमच्याच.

निघाल्या त्या सकाळी दवाखान्यासमोर ही गर्दी. कुणी शेंगा आणल्या होत्या, कुणी बाजरी, कुणी नुसतंच पोर दाखवायला आणलं होतं. बाई सगळ्यांशी बोलल्या. एसटीत खिडकीची जागा मी धरून ठेवली होती. सामान वर चढवून, दोर आवळून मी खाली उतरलो आणि खिडकीपाशी आलो. काहीतरी बोलायचं मनात होतं.

रात्रभर आवराआवर करून थकलेल्या बाई खिडकीला डोकं टेकवून गाढ झोपल्या होत्या. मांडीवर शेंगांची पिशवी, तोंड किंचित उघडं. गर्दीतल्या एका म्हातारीनं सगळ्यांना ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. कंडक्टरनंही घंटी हलकेच वाजवली. गाडी हलली, आणि आम्ही सगळ्यांनी आवाज न करता हात वर केले.