उघडलेली गाडी पुन्हा उभी करणारे बिरूतात्या

इंदापूरचे श्री. बिरुदेव गावडे, म्हणजे आपल्या सर्वांचे बिरूतात्या, यांची आणि माझी पहिली भेट मी सांगवीत मोटारसायकल दुरुस्तीचे दुकान टाकले त्या साली झाली. नव्वद साल नुकतेच उलटले होते. एका गिऱ्हाइकाच्या गाडीचे गिअरचे चाक गेले होते आणि नवे कुठे मिळत नव्हते. बारामतीत कोणीतरी सांगितले की, इंदापूरला बारामती रस्त्यावर एक पत्र्याचे शेड आहे, तिथे जुना माल मिळतो. मी एसटीने गेलो. शेडच्या दारात डोक्याला टॉवेल गुंडाळलेले एक गृहस्थ रॉकेलच्या डब्यात चेन धूत बसले होते. मी काय हवे ते सांगितले.

"जुनं आणलंय का?" त्यांनी वर न बघता विचारले.

मी म्हणालो, "नाही. पण कोणतं ते मला पक्कं ठाऊक आहे."

"तुमाला ठावं असंल, मला कुठं हाय? पेशंट घरी ठिवून औषध न्यायला आलाय व्हय?"

त्यांनी मला चहा पाजला, परतीची गाडी किती वाजता आहे ते सांगितले आणि रिकाम्या हाताने सांगवीला पाठवले. दुसऱ्या दिवशी मी जुने चाक घेऊन पुन्हा गेलो. ते हातात घेऊन त्यांनी उजेडाकडे धरले, शेजारी आपल्याकडचे धरले आणि दोन्ही बराच वेळ फिरवून पाहिली. मग आपल्याकडचे कागदात गुंडाळून दिले. ते चाक त्या गाडीत नंतर वर्षानुवर्षे चालले. त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे जात आलो आहे. त्यांनी मला कधी शिष्य म्हटले नाही. मी मात्र त्यांना मनात गुरूच मानतो.

तात्यांचे घराणे मूळचे मेंढरे राखणारे. वडिलांच्या काळात कळप घेऊन वर्षातले काही महिने हे लोक घाटाखाली असत. पुढे कॅनॉलचे पाणी आले, थोडी जमीन बागायत झाली, कळप मोडला. तात्यांनी तरुणपणी बारामतीच्या एका गॅरेजात काम केले आणि मग इंदापूरला हे शेड उभे केले. त्यांचा जीव जडला तो दोन सायलेन्सरच्या जुन्या गाडीवर. आपल्या भागात तिला कंपनीच्या नावाने फार कोणी ओळखत नसे. दोन सायलेन्सरची गाडी म्हटले की पुरे. ज्या दांड्याने किक मारायची तोच पुढे वाकवून गिअर टाकायचा. दुधाचे कॅन, भाजीची पोती, वेळप्रसंगी आजारी माणूस, या गाडीने काय वाहिले नाही? तिचा कारखाना बंद पडला तेव्हा बारामती आणि इंदापूर तालुक्यांतले तिचे मालक एकदम पोरके झाले. नव्या मालाचा साठा महिन्याभरात संपला. राहिले ते तात्यांचे शेड.

या धंद्याला आपल्याकडे फारशी इज्जत नाही. जुना माल विकणारा म्हटले की माणसे आधी संशयाने बघतात. तात्यांनी आपल्या धंद्याला जे नियम लावून घेतले ते कळपातले होते, हे मला उशिरा कळले. मेंढरांच्या पाठीवर जसा प्रत्येक घराचा रंग असतो, तसे तोडायला घेतलेल्या प्रत्येक गाडीच्या सर्व भागांवर ते एकाच रंगाचा ठिपका देत. कोणता पिस्टन कोणत्या ब्लॉकच्या नळकांड्यात झिजलेला, हे त्यांना त्या ठिपक्यावरून कळे. एकत्र झिजलेली जोडी ते सहसा फोडत नसत. आणि नवी गाडी आली की ती तशीच्या तशी, बाजूला, एक अमावास्या होईपर्यंत उभी राही. "नवीन मेंढरू लगीच कळपात घालत न्हाईत. काय आजार असला तर तंवर दिसतो," एवढेच ते सांगत. माझ्या समजुतीने त्यात आणखी एक अर्थ होता. गाडी विकणाऱ्याचे मन बदलले तर त्याला परत यायला तेवढी सवड मिळे. एकदा उघडली की ती गाडी राहत नाही, माल होतो.

एक गोष्ट ते कधीच विकत नसत. वापरलेल्या ब्रेकच्या पट्ट्या. कितीही चांगल्या दिसोत, त्या भंगारातच जात. एकदा एक गिऱ्हाईक हटून बसले. तात्या त्याला म्हणाले, "इंजन बंद पडलं तर माणूस रस्त्यात उभा ऱ्हातो. ब्रेक गेला तर उभा ऱ्हात न्हाय." गिऱ्हाईक नव्या पट्ट्या आणायला बाजारात गेले.

तात्यांचा गौरव करायचा तर त्यांच्या हातून झालेली चूकही सांगितली पाहिजे, कारण त्या चुकीनेच मला हा माणूस नीट दिसला. मी हे लिहिणार असल्याचे त्यांना सांगितले होते. "लिव्हा की. खोटं हाय व्हय?" असे ते म्हणाले.

कारखाना बंद पडल्यानंतरच्या पावसाळ्यातली ही गोष्ट. पणदऱ्याचा एक माणूस दोन सायलेन्सरची चालू गाडी घेऊन शेडवर आला. गाडी घरचीच आहे, आता कोणी चालवत नाही, असे त्याने सांगितले. तात्यांनी ती घेतली, पिवळा रंग ठरवला आणि बाजूला लावली. अमावास्या अजून लांब होती. तेवढ्यात लोणी देवकरहून लांबच्या एका कारखान्यात कामाला जाणारे पोपटराव आले. त्यांच्या गाडीचा ब्लॉक फाटला होता, सायकलने जाऊन पाळी गाठता येत नव्हती, खाडे पडत होते. काम सुटायची वेळ आली होती. तात्यांनी पहिल्यांदाच नियम मोडला आणि गाडी उघडली. ब्लॉक-पिस्टनची जोडी पोपटरावांना गेली. उघडल्यावर मग मागणीही आली. कार्बोरेटर, मॅग्नेट, टाकी, शॉकअप एकेका गावी गेले.

आणि भाद्रपदात आनंदराव आले. अंगाने निम्मे झालेले, चेहऱ्यावर अजून काविळीची छटा. पणदऱ्याहून दूध गोळा करून केंद्रावर पोचवण्याची फेरी त्यांच्याकडे होती. ते दवाखान्यात आणि मग बहिणीकडे विश्रांतीला असताना थोरल्या भावाने त्यांची गाडी विकली होती. हा माणूस आता पुन्हा गाडीवर बसत नाही, अशी भावाची समजूत झाली होती. फेरी एका दुसऱ्या गाडीवाल्याला तात्पुरती दिली होती. दिवाळीपर्यंत आनंदराव आले तर त्यांची, नाहीतर कायमची दुसऱ्याची, असे केंद्रावर ठरले होते.

त्या दिवशी मी शेडवर होतो. आनंदराव शेडभर नजर फिरवत म्हणाले, "तात्या, माझी गाडी कुठाय?"

तात्यांनी त्यांना आधी बसवले, पाणी दिले आणि जे घडले ते जसेच्या तसे सांगितले. मग शेडमधली एक चांगली चालू गाडी दाखवली. "ही न्या. आजपास्नं फेरी धरा."

आनंदराव म्हणाले, "तात्या, घर दादाच्या नावावर, रान दादाच्या नावावर. माझी म्हणावी अशी ती एकच वस्तू हुती. ही नेली तर ही तुमची गाडी असंल. मला माझी पायजे."

दुसरा कोणी असता तर कागद दाखव म्हणाला असता, भावाला जाब विचार म्हणाला असता. तात्यांनी टॉवेल सोडून पुन्हा बांधला आणि माझ्याकडे वळले. "चासी मागं तशीच हाय. बाकीचं गोळा करायचं. तुमच्या गाडीत पेट्रोल हाय का?"

त्यानंतर कितीतरी सकाळी आम्ही दोघे माझ्या गाडीवरून गावोगाव फिरलो. मी दुकान उशिरा उघडत असे. प्रत्येक ठिकाणी तात्या आपल्याकडचा जास्त चांगला भाग सोबत नेत, तो बसवून देत आणि पिवळ्या ठिपक्याचा काढून घेत. एका वस्तीवर एक म्हातारे आजोबा म्हणाले, "इकल्यालं माघारी न्यायला आल्याला दुकानदार पयल्यांदाच बघतोय." तात्या म्हणाले, "आबा, मी बी पयल्यांदाच चाललोय." बहुतेक लोकांनी हसत दिले. चांगला माल मिळत असताना नाही कोण म्हणणार?

अडले ते लोणी देवकरला. पोपटरावांची गाडी सुरेख चालत होती आणि ती उघडू द्यायला ते तयार नव्हते. तात्यांनी बारामतीच्या लेथवाल्याकडून दुसरा ब्लॉक आतून नव्याने कातून, म्हणजे बोअर करून, नवा पिस्टन बसवून आणला होता. पोपटरावांना धंद्यातले कळत होते. ते म्हणाले, "तात्या, नवं बोअर म्हंजी महिनाभर बैलगाडीगत चालवायचं. जोरात मारली का जाम. मी पाळीला कवा पोचायचा? तुमीच दिलं आन् तुमीच न्हेता व्हय? आजाऱ्याची गाडी इकली त्याच्या भावानं, भोगायचं मी?"

बोलणे रास्त होते. तात्या ओट्यावर मान खाली घालून बसून राहिले. मला वाटले, इथे हे प्रकरण संपले. आतून पोपटरावांच्या पत्नी चहा घेऊन आल्या. कप खाली ठेवता ठेवता म्हणाल्या, "अवो, तुमी आजारी पडला अन् तुमच्या माघारी तुमची गाडी कुणी इकली, तर तुमी कुणाच्या दारात जाताल?"

पोपटराव म्हणाले, "तू चहा दे."

"दिलाय की. आता तुमी द्या."

पोपटरावांना हसू आवरले नाही. तात्यांनी मान वर केली. म्हणाले, "पाळीला तुमी माझी गाडी न्या. तुमची मी चालवतो. बोअर सुटून इंजन मोकळं झालं का आणून लावतो हितं."

आणि तसेच झाले. इंदापूरकरांना ते दिवस आठवत असतील. साठीकडे झुकलेले तात्या रोज सकाळी पोपटरावांची गाडी घेऊन पुणे-सोलापूर रस्त्याच्या अगदी कडेने सावकाश लोणी देवकरकडे निघत आणि तसेच सावकाश परत येत. सायकलवाले त्यांना मागे टाकत. "काय तात्या, मेंढरं पुढं गेली का मागं ऱ्हायली?" असे कोणी ओरडले की ते एक हात वर करत, वेग वाढवत नसत. इंजिन तापले की झाडाखाली थांबत, बिडी न ओढणारा माणूस नुसता बसून राही. मी रोज पहाटे देवापुढे दिवा लावतो, दोन मिनिटे हात जोडून बसतो. तात्यांना मी कधी देवळात फार वेळ बसलेले पाहिले नाही. पण त्या झाडाखाली बसलेले पाहिले तेव्हा मला वाटले, हेही तेच आहे.

ऐन दिवाळीच्या तोंडावर, वसुबारसेच्या सकाळी, आनंदरावांची गाडी शेडच्या दारात जोडून उभी होती. शेवटचा नट तात्यांनी आवळला. आनंदरावांचा थोरला भाऊही आला होता. तो रस्त्याच्या पलीकडे उभा होता. हातात दुधाचे कॅन अडकवायची लोखंडी चौकट होती. आनंदरावांनी ती पाहिली.

"हे इकलं न्हाईस व्हय?"

"त्याला कोण घेतंय?" भाऊ म्हणाला.

सगळे हसले. भाऊ रस्ता ओलांडून आला आणि चौकट आपल्या हाताने गाडीला बसवू लागला. त्या दोघांनी व्यवहाराचे आपसात कसे मिटवले ते मला ठाऊक नाही, तात्यांनीही विचारले नाही. आनंदरावांनी किक मारली. अशक्त पाय, दोनदा किक माघारी आली. तिसऱ्यांदा दोन्ही सायलेन्सरांतून निळसर धूर निघाला आणि गाडीने आवाज धरला. दुसऱ्या दिवसापासून फेरी त्यांची झाली, ती आजही आहे.

त्यानंतर तात्यांनी नियम आणखी कडक केला. मालक स्वतः समोर येऊन बोलल्याशिवाय आणि अमावास्या झाल्याशिवाय त्यांच्या शेडमध्ये गाडीला पाना लागत नाही. यामुळे धंदा कमी झाला असेल. तो त्यांनी होऊ दिला.

तात्यांना यंदा साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त होणाऱ्या सत्काराच्या दिवशी त्यांना मंगल कार्यालयापर्यंत आणण्यासाठी गौरव समितीने जीप ठरवली होती. आनंदराव समितीच्या लोकांना भेटायला आले आणि म्हणाले, "भाषण मला जमायचं न्हाय. तेवढं आणायचं काम माझ्याकडं द्या." एकाने काळजीने विचारले, "वय झालंय तात्यांचं. गाडी मधेच बंद पडली तर?" आनंदराव रागावलेच. "जोडलीय कुणी, ते इसरला व्हय?" समितीने जीप रद्द केली आहे. तेव्हा त्या दिवशी आपण सर्वांनी कार्यालयाच्या दारात थोडे लवकर जमावे. दूध पोचवून झाले की दोघे निघतील आणि आनंदराव गाडी सावकाश आणतील. मागे बसलेल्या या माणसाला परमेश्वराने निरोगी, उदंड आयुष्य द्यावे, त्यांची नजर आणि हात असेच शाबूत ठेवावेत, आणि त्यांना आणणाऱ्या गाडीचा आवाज आपल्याला पुढची अनेक वर्षे लांबूनच ओळखू यावा, एवढेच त्याच्याकडे मागणे आहे.