आजींनी नाव घेतलं तेव्हा

कर्जतजवळच्या एका वृद्धाश्रमात मी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सेविका होते. पुरुषांच्या खोल्या एकीकडे, बायकांच्या दुसरीकडे, मध्ये अंगण. नवरा-बायको जोडीने आले तरी वेगळे ठेवायचे असा नियम होता. कुठल्या शहाण्याने तो केला होता कुणास ठाऊक. मी व्यवस्थापकांशी त्यावरून दोनदा भांडले आणि दोन्ही वेळा हात हलवत परत आले.

कडावकडचं एक जोडपं होतं. आबा रेल्वेत गँगमन होते, घाटात काम केलेले. मूलबाळ नव्हतं. आजी चूल पेटवून विसरायला लागल्या, म्हणून दोघं इथे आली. आजींची वेणी घालायचं काम माझं, पण तेल आबाच चोळायचे. त्यासाठी ते रोज सकाळी अंगण ओलांडून यायचे. नियम गेला खड्ड्यात म्हणून मी तिकडे काणाडोळा करायचे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही नाव घ्यायला आजींच्या मागे लागायचो. उखाण्यातसुद्धा त्या नवऱ्याचं नाव घेत नसत.

"नाय गं बाय. येवढी वर्सं नाय घेतलं, आन आता मराया टेकल्यावर घेऊ?"

व्हरांड्यातून आबा म्हणायचे, "घे की गं एकदा. माझं नाव काय वाईट हाय?"

आजी पदर तोंडाला लावायच्या आणि आमची हसून पुरेवाट व्हायची. आबांना मात्र खरंच ते ऐकायचं होतं. एकदा तेल चोळता चोळता मला म्हणाले, "आई गेल्यापास्नं मला नुस्त्या नावानं हाक मारणारं कोन उरलं नाय." आम्हीसुद्धा त्यांच्या नावाला 'आबा' जोडूनच हाक मारायचो.

पुढे आजींचा विसर वाढला. आधी जेवण झालं की नाही ते विसरल्या, मग गाव, मग मी. आबांना तेवढ्या 'आवं' म्हणायच्या. त्या एका शब्दावर आबा तग धरून होते.

एका सकाळी मी आजींना पेज भरवत होते. आबा तेलाची वाटी घेऊन पायरीशी आले आणि आजींनी चांगलं मोठ्याने त्यांचं नाव घेतलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आबांचा चेहरा असा उजळला की काय सांगू.

"परत म्हन," ते म्हणाले.

आजींनी परत म्हटलं. मग म्हणाल्या, "हुबा काय ऱ्हायलास रं? आमचं हे अजून कामावरनं आलं नायत. जरा बघून ये."

टाळ्या थांबल्या. आमच्या तोंडून ऐकून ऐकून त्यांनी ते नाव उचललं होतं. समोरचा माणूस आपला नवरा आहे हे विसरल्या, म्हणूनच ते नाव जिभेवर आलं होतं.

"बघतो," आबा म्हणाले. वाटी माझ्या हातात देऊन अंगणात गेले. डोक्यावरची टोपी नीट केली आणि ड्यूटीवरून घरी येताना दारात खाकरायचे तसे खाकरून आत आले. आजींनी चटकन डोक्यावर पदर घेतला.

"आवं, लई उशीर केलात," त्या म्हणाल्या. मला रडू आवरेना, म्हणून मी पेजेचं भांडं घेऊन मोरीवर गेले.

पावसाळाभर असंच चाललं. आबा रोज नोकर होऊन बाहेर जायचे आणि नवरा होऊन आत यायचे. पण दिवाळीच्या सुमारास एकदा ते खाकरले, आत आले आणि पदर जागचा हलला नाही. ते पुन्हा बाहेर गेले, पुन्हा खाकरले.

आजींनी त्यांना नावाने हाक मारली. "तुला खोकला झालाय रं. हे आलं की सांगते, औषध आनतील."

आबा त्यांच्या पायाशी खाली बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"सांग," ते म्हणाले. "त्यास्नी म्हनावं, मी बी तुमचीच वाट बघतोय."