गुडघ्यावरचा बुडबुडा

त्याला सगळे लेव्हलभाऊ म्हणत. धंदा फरशी बसवण्याचा, आणि उभी हयात दोन गुडघ्यांवर गेलेली. कुणाच्या घरात शिरला की चहापाण्याच्या आधी पिशवीतून सपाटी तपासायची बुडबुड्याची लेव्हल काढायचा, ती जमिनीवर ठेवायचा आणि असं काही तोंड करायचा, की घरमालकानेही खाली वाकून आपली फरशी बघायला लागावं. "कुणी बसवली हो ही? डोळे मिटून बसवली काय?" हे त्याचं ठरलेलं वाक्य.

शेवटी गुडघ्यांनीच संप पुकारला. उजव्याचं ऑपरेशन झालं, झिजलेला सांधा काढून डॉक्टरांनी नवा बसवला. टाके सुकले, सूज उतरली, भेटायला येणारे येऊन गेले, फळं संपली. दुखणं तेवढं मुक्काम ठोकून बसलं.

व्यायाम करून घ्यायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी घरी यायची. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, "काका, अजून काही महिने दुखणार. घाबरायचं नाही. पण रोज वाकवायचा. नाही वाकवला तर आखडून बसेल, आणि मग मलाही काही करता येणार नाही."

लेव्हलभाऊने यातलं 'दुखणार' तेवढं नीट ऐकलं. काही महिने? अरे, फरशी बसवून मी म्हणालो असतो की काही महिने डुगडुगेल, घाबरू नका, तर गिऱ्हाइकाने मला दारात तरी उभं केलं असतं का? त्याच्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. काम बिघडलंय, आणि डॉक्टर लपवतोय.

मग तपासणी सुरू झाली. पोकळ राहिलेली फरशी टिचकी मारली की बद्द वाजते, म्हणून त्याने गुडघ्यावर टिचकी मारून पाहिली. गुडघा काही वाजला नाही, हाच केकाटला. आतून बायको धावत आली.

"काय झालं?"

"काही नाही. मी जगातला एक नंबरचा गाढव आहे, बाकी सगळं ठीक."

स्वतःला नावं ठेवण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. अंगठ्यावर हातोडी पडली तरी हूं की चूं न करणारा गडी, आता पायावरून चादर सरकली तरी बोंब मारत होता. वा रे बहाद्दर! पण नावं ठेवून भीती थोडीच जाते?

एके दिवशी बायको अंघोळीला गेलेली बघून त्याने लेव्हल काढली. खोलीत भिंतीला आरशाचं कपाट होतं. त्या कपाटाचं दार आपोआप उघडायचं, घेतल्यापासूनच. रस्त्याच्या टोकाला दुकान असलेल्या कपाटवाल्याशी लेव्हलभाऊ त्यावरून भर रस्त्यात भांडला होता, तेव्हापासून बोलणं बंद. कपाटाच्या पायाखाली पुठ्ठा सारला होता, तरी दार ऐकत नव्हतं. तर त्या आरशासमोर हा अर्ध्या चड्डीत ताठ उभा राहिला आणि दोन्ही गुडघ्यांवर आडवी लेव्हल धरली.

बुडबुडा नेहमी उंच बाजूला जातो, तो सरळ उजवीकडे पळाला.

त्याच्या पायाखालची जमीनच सरकली. उजवा पाय उंच झालाय! सांधा जाड, वाकडा बसवला त्या डॉक्टरने! म्हणून दुखतंय, म्हणून झोप नाही. त्याच दिवसापासून व्यायाम बंद. वाकड्या सांध्यावर जोर देऊन तो मोडून घेण्याइतका काही तो खुळा नव्हता. फिजिओवाली आली की डोळे मिटून जोरजोरात घोरायचा. बायको तिला दारातच सांगायची, "जागे आहेत. झोपेत ते कधी घोरत नाहीत." पण झोपेचं सोंग घेतलेल्याला उठवणार कोण?

हळूहळू पाय खरंच आखडायला लागला. खुर्चीत बसला की पाय समोर फळीसारखा ताठ. एका संध्याकाळी बायको त्याला चहा द्यायला आली, त्या पायाला अडखळली, चहा सांडला आणि तिचा धीर सुटला.

"आता बास झालं! काय ते एकदा सांगा, नाहीतर मी डॉक्टरला इथे बोलावून आणते."

त्याने सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही, पुसायचं फडकं बाजूला टाकून लेव्हल घेऊन आली. "उभे राहा."

तो आरशासमोर उभा राहिला. तिने उकिडवं बसून गुडघ्यांवर लेव्हल धरली. बुडबुडा उजवीकडे.

"बघ! मी काय वेडा आहे?"

"आता तोंड फिरवा. आरशाकडे पाठ करा."

"कशाला?"

"हाताखालच्या पोरांवर रोज ओरडता ना, उलटसुलट करून बघितल्याशिवाय लेव्हल खरी धरायची नाही म्हणून? फिरा."

भिंतीला धरून, कण्हत कण्हत तो फिरला. तिने परत लेव्हल धरली. या खेपेला बुडबुडा डावीकडे गेला. म्हणजे ज्या पायाला कुणी हातही लावला नव्हता, तो आता उंच!

दोघांनीही खाली पाहिलं. फरशी त्यानेच बसवलेली. लोकांच्या कामातून उरलेली, सुट्टीच्या दिवशी, घरचंच तर आहे म्हणत घाईघाईने. कपाटाचं दार नेहमीसारखं हळूच उघडलं.

"डोळे मिटून बसवली काय हो?" बायको म्हणाली.

आता मात्र ती हसली, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तोही हसायला लागला, पण हसता हसता त्याचा चेहरा पडला. तो पलंगावर बसला.

"सांधा वाकडा असता ना, तर बरं झालं असतं गं."

"असं काय बोलता?"

"वाकडा असता तर काढून परत बसवता आला असता. आता तो सरळ आहे आणि तरी दुखतोय. मग करायचं काय? हे असंच राहिलं तर? मला भीती वाटते गं."

"मलाही वाटते," ती म्हणाली. "तुम्ही घोरत होता तेव्हा जास्त वाटत होती."

ती त्याच्या शेजारी बसली, त्याच्या घोट्याखाली हात घातला आणि म्हणाली, "वाकवा." त्याने वाकवला. काय ओरडला म्हणून सांगू! शेजारचे दारात आले. डॉक्टर, फिजिओवाली, स्वतःचे वाडवडील, सगळ्यांचा उद्धार झाला. एकट्या कपाटवाल्याचं नाव त्या यादीतून पहिल्यांदाच गळलं होतं.

त्याची माफी मागायला हवी होती. मनातल्या मनात मागून झाली, पण बायको ऐकेना. म्हणाली, भांडलात रस्त्यावर जाऊन, माफी घरात बसून कशी चालेल? तेव्हापासून व्यायामाला ठिकाण मिळालं. आधी दारापर्यंत, मग जिन्यापर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत. रोज दुखायचं. काही दिवशी कालच्यापेक्षा जास्तच दुखायचं, आणि तो घरी येऊन रडकुंडीला यायचा. दुसऱ्या दिवशी काठी घेऊन परत निघायचा.

एका सकाळी तो त्या दुकानाच्या पायरीशी पोचला. कपाटवाल्याने त्याला पाहिलं आणि हातातला पेचकस खाली ठेवला. "आता काय? आणखी कुठलं दार उघडलं?"

लेव्हलभाऊने वाटेत घोकलेलं सगळं बोलणं कुठल्या कुठे गेलं.

"दार चांगलं आहे तुझं. फरशी माझी तिरकी आहे," तो म्हणाला. "बाकीचं सांगतो, पण आधी बसायला काहीतरी दे बाबा. फार दुखतंय."