काळ्या चौकोनांचा वर्ग

प्राध्यापकांना शिकवताना समोर चेहरे लागत. कुणाच्या कपाळाला आठी पडली की ते मागे येत, कुणी मान डोलावली की पुढे सरकत. नोकरी सांभाळून एम.ए. करणाऱ्या मोठ्या माणसांना त्यांनी वर्षानुवर्षं संख्याशास्त्र शिकवलं, ते याच अंदाजावर. मग साथ आली, कॉलेजला कुलूप लागलं आणि समोर उरले लॅपटॉपवरचे काळे चौकोन. कॅमेरे सुरू करा म्हणायचीही सोय नव्हती. कुणाच्या मागे मुलं रडत होती, कुणी कामावरूनच ऐकत होतं. बोलून बोलून घसा कोरडा पडे, पण विषय कुणाच्या डोक्यात शिरला की नाही, देव जाणे.

बायको औषधांच्या दुकानात. तिला सुट्टी नव्हती. घरात उरल्या सासूबाई. चार दिवसांसाठी आल्या आणि रस्ते बंद झाल्याने अडकल्या. जावयाशी त्यांचं बोलणं बेताचंच. शेवटी प्राध्यापकांनी भीड सोडली.

"आई, जरा समोर बसाल का? ऐकू नका हवं तर."

त्या विणकाम घेऊन लॅपटॉपच्या पलीकडे बसल्या. थोड्या वेळाने सुया थांबल्या.

"जावईबापू, हे सगळं माझ्या डोक्यावरून गेलं बघा."

माइक चालूच होता. मग एका चौकोनातून घोगऱ्या आवाजात हसू फुटलं. "आजी, माझ्यापण!" ती एक नर्स होती. मग काय, एकेकाला कंठ फुटला. प्राध्यापकांनी तो भाग पुन्हा पहिल्यापासून घेतला.

हळूहळू सासूबाई सगळ्यांना आवाजावरून ओळखू लागल्या. एकदा वर्ग संपल्यावर म्हणाल्या, "ती घोगऱ्या आवाजाची पोर हल्ली बोलत नाही."

"कामात असेल. मोठी माणसं आहेत आई, उगीच कशाला विचारायचं?"

"मोठ्यांची विचारपूस करू नये, असं कुणी सांगितलं?"

प्राध्यापकांनी फोन लावला. नर्स तापाने फणफणलेली, भाड्याच्या खोलीत एकटीच पडून होती. "सर, असाइनमेंट राहिली..." एवढंच कसंबसं म्हणाली.

"खड्ड्यात गेली असाइनमेंट!" प्राध्यापक ओरडले. विद्यार्थ्याशी ते जन्मात असं बोलले नव्हते.

बायकोने ओळखीच्या डॉक्टरांना गाठलं. संध्याकाळपर्यंत हॉस्पिटलात खाट मिळाली.

नर्स वाचली. परीक्षा मात्र हुकली. ती पुढच्या सत्रात दिली आणि जेमतेम पास झाली. तोवर सासूबाई आपल्या घरी परतल्या होत्या. निकाल कळताच प्राध्यापकांनी बायकोचीही वाट न पाहता त्यांना फोन केला.

"पास झाली ना? मग झालं," त्या म्हणाल्या. नाक ओढल्याचा आवाज आला. "तिला म्हणावं, आता जरा झोप काढ."

मग दोघं बराच वेळ बोलत राहिले, आणि त्यात संख्याशास्त्र फारसं नव्हतं.